आरोपीच्या बाजूने उभा राहिलेला पंतप्रधान : जॉन डीफेनबेकर

गव्हाळ_आकाश
नमस्कार मंडळी,

सास्काटूनला येऊन मला पंधरा वर्षं झाली. दक्षिण सास्काचेवान नदीच्या काठावर, विद्यापीठाच्या आवारात दोन कबरी आहेत. एक जॉन डीफेनबेकर यांची, शेजारी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांची. उन्हाळ्यात संध्याकाळी चालायला गेलो की तिथे थोडा थांबतो. आधी मला एवढंच ठाऊक होतं, की हे कॅनडाचे तेरावे पंतप्रधान आणि आमच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. मग एका हिवाळ्यात, बाहेर उणे तीस असताना, त्यांच्या वकिलीच्या दिवसांबद्दल वाचायला घेतलं आणि त्यातच गुंतलो. मराठीत त्यांच्याविषयी फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा. जरा लांब झालाय, सांभाळून घ्या.

जन्म १८ सप्टेंबर १८९५, ऑन्टारियोतल्या नॉयश्टाट गावी. वडील शाळामास्तर, आई स्कॉटिश घराण्यातली. १९०३ मध्ये कुटुंब पश्चिमेला आलं तेव्हा सास्काचेवान प्रांताचा जन्मही झाला नव्हता. सरकारी जमिनीचा तुकडा, हाताने बांधलेलं घर आणि चहूकडे गवत. १९१० मध्ये मंडळी सास्काटूनला आली आणि हा पोरगा पेपर विकू लागला. त्याच वर्षी पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाची कोनशिला बसवायला आले होते. डीफेनबेकर पुढे आयुष्यभर सांगत, की लॉरिएंनी आपल्याकडून पेपर घेतला, गप्पा मारल्या आणि शेवटी आपणच म्हणालो, ‘साहेब, आता माझा खोळंबा होतोय, कामाला लागतो.’ शहरात या प्रसंगाचा पुतळा उभा आहे.

१९१९ मध्ये कायद्याची पदवी मिळाली आणि त्यांनी वाकॉ नावाच्या खेड्यात वकिलीची पाटी लावली. पंचक्रोशीत युक्रेनियन, जर्मन, फ्रेंच शेतकरी. बऱ्याच जणांना इंग्रजी धड येत नव्हतं, आणि कोर्ट तर सगळं इंग्रजीत. अशा माणसाला पोलिसांनी धरलं, की त्याला आपल्यावर आरोप काय आहे हेच कळायची मारामार. डीफेनबेकरांचे अशील हेच लोक होते. १९२२ मध्ये त्यांनी शाळेत फ्रेंच शिकवू दिल्याबद्दल खटला झालेल्या दोन शाळा-विश्वस्तांची बाजू लढवली आणि अपिलात जिंकली. जर्मन आडनावामुळे ते स्वतःही कायम परके ठरत आलेले. निवडणुकीच्या प्रचारात त्यांना ‘हूण’ म्हणून हिणवलं जायचं. जनगणनेचा माणूस प्रत्येकाला बापाकडचा वंश विचारी, मग घर किती का पिढ्या कॅनडात असेना, आणि ती नोंद त्यांना मरेपर्यंत खुपत राहिली.

१९२४ मध्ये ते प्रिन्स अल्बर्टला गेले आणि खुनाचे खटले घेऊ लागले. ते सगळेच जिंकले नाहीत. अ‍ॅलेक्स विसोखान नावाच्या पोलिश मजुराच्या खटल्यात त्यांनी आरोपीलाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि १९३० साली त्याला प्रिन्स अल्बर्टमध्येच फाशी दिलं गेलं. ज्या गावात आपण रोज कोर्टात जातो त्याच गावात आपल्या अशिलाला फासावर चढवलं जातं, ही गोष्ट माणूस विसरत नाही. फाशीला त्यांचा जन्मभर विरोध राहिला.

पण ज्या खटल्यासाठी मी हा धागा काढलाय तो १९५१ चा. तेव्हा ते खासदार होते आणि वकिली जवळजवळ बाजूला पडली होती.

२१ नोव्हेंबर १९५०. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात, कनू रिव्हरजवळ, एकेरी लाईनवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एक पॅसेंजर, दुसरी कोरियाच्या युद्धासाठी निघालेल्या सैनिकांची गाडी. २१ माणसं गेली. त्यातले १७ सैनिक, बाकीचे इंजिनावरचे कर्मचारी. सैनिकांच्या गाडीला क्रॉसिंगचा, म्हणजे समोरच्या गाडीला कुठल्या स्टेशनात वाट द्यायची याचा, जो हुकूम लिहून मिळाला होता त्यात ‘सेडरसाइड येथे’ हे शब्दच नव्हते. तेवढे शब्द गळले आणि गाडी सेडरसाइडला न थांबता पुढे गेली. ठपका आला जॅक अ‍ॅथर्टन या तरुण तार-ऑपरेटरवर. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला.

त्या वेळी डीफेनबेकरांच्या पहिल्या पत्नी एडना सास्काटूनच्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने शेवटचे दिवस मोजत होत्या. अ‍ॅथर्टनची कैफियत त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी नवऱ्याकडून शब्द घेतला, की हा खटला तू लढायचा. फेब्रुवारीत त्या गेल्या. दुसऱ्या प्रांतात वकिली करायची तर तिथल्या बारचं सदस्यत्व हवं, त्यासाठी डीफेनबेकरांनी १५०० डॉलर भरले आणि मे महिन्यात प्रिन्स जॉर्जच्या कोर्टात उभे राहिले.

आता तो प्रसंग. सैनिकांचे डबे लाकडी सांगाड्याचे होते आणि पुढेमागे पोलादी डबे. टक्कर झाल्यावर मधल्यांचा चुराडा झाला. डीफेनबेकर रेल्वेच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. त्यांनी विचारलं, पोलादी डब्यांच्या मध्ये लाकडी डब्यांत या पोरांना बसवलं ते अशासाठी का, की पुढे कोरियात काहीही वाट्याला आलं तरी त्यांना म्हणता यावं, ‘यापेक्षा वाईट आम्ही घरीच सोसलंय’? सरकारी वकील कर्नल पेप्लर पहिल्या महायुद्धात लढलेले. ते ताडकन उठले आणि म्हणाले, की कोरियाला निघालेल्या काही शिपायांच्या मृत्यूचा या खटल्याशी संबंध नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं, कारण आरोप इंजिनावरच्या एका कर्मचाऱ्याच्या मृत्यूपुरता होता. पण शब्द तोंडून गेला होता. डीफेनबेकर सावकाश वळून म्हणाले, ‘अरेरे, कर्नल! काही शिपाई मेले त्याचं तुम्हाला काहीच नाही?’

ज्युरीत कोण बसलं असेल, त्यांच्यातल्या कितीजणांनी युद्ध पाहिलं असेल याचा विचार करा. त्यानंतर खटल्याचा नूर पालटला. तारेवरचा संदेश मधेच खंडित होऊ शकतो, हे पटवायला डीफेनबेकरांनी एक जुनं उदाहरण शोधून आणलं होतं : पक्ष्याच्या तोंडून सुटलेला मासा तारेवर पडला आणि संदेश तुटला. सुमारे ४० मिनिटांत ज्युरी परत आली. निर्दोष.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. बायको जाऊन तीन महिने झालेत, तिला दिलेला शब्द आहे, आणि समोर एक पोरगा आहे ज्याच्यावर अख्ख्या रेल्वेचा दोष ढकलला जातोय.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. १९२५ आणि १९२६ ला लोकसभेत पडले, १९२९ ला प्रांतात पडले, १९३३ ला महापौरपदाला पडले, १९३८ ला प्रांताच्या पक्षाचे नेते असताना पक्षाची एकही जागा आली नाही. १९४० मध्ये एकदाचे निवडून आले, आणि मग सलग १३ निवडणुका जिंकल्या. पक्षाचं नेतृत्व तिसऱ्या प्रयत्नात, १९५६ ला. १९५७ ला अल्पमताचं सरकार आणि ३१ मार्च १९५८ ला २६५ पैकी २०८ जागा. लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं.

पहिल्या महिला केंद्रीय मंत्री एलन फेअरक्लफ त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या. १९६० मध्ये मूलनिवासींना आपला कायदेशीर दर्जा न गमावता मतदानाचा हक्क मिळाला. १९६२ मध्ये स्थलांतराच्या नियमांतून वंशभेद काढायला सुरुवात झाली. त्याआधी भारतासाठी वर्षाला ३०० जणांचा कोटा होता. १९६१ मध्ये चीनला गहू विकला, अमेरिकेच्या भुवया वर गेल्या तरी विकला. आमच्या भागातले म्हातारे शेतकरी अजून त्याची आठवण काढतात. आणि १० ऑगस्ट १९६० ला हक्कांची सनद कायदा म्हणून आली. त्या विधेयकावर बोलताना त्यांनी म्हटलं होतं : मी कॅनेडियन आहे, स्वतंत्र कॅनेडियन. न भिता बोलायला, माझ्या रीतीने देवाला भजायला, जे योग्य वाटतं त्याच्या बाजूने उभं राहायला आणि जे चूक वाटतं त्याला विरोध करायला स्वतंत्र.

एवढं असून १९६२ ला बहुमत गेलं, १९६३ ला सरकार गेलं, १९६७ ला पक्षाने नेतेपदावरून दूर केलं. निर्णयाच्या वेळी चालढकल, सहकाऱ्यांवर अविश्वास, जुने राग धरून ठेवणं, सगळं खरं आहे. माझं मत असं, की हा माणूस जन्मभर एका आरोपीचा वकील राहिला. समोर एक माणूस दिसला की त्यांना सगळं स्वच्छ दिसे. वकिलाला अशील मिळाला की बाजू ठरलेली असते. पंतप्रधानाला बाजू स्वतः ठरवावी लागते, आणि तिथे ते अडखळले. तुम्हाला काय वाटतं?

मीनल_टोरांटो
उत्तम लेख. अ‍ॅथर्टनची हकिकत मला माहीतच नव्हती. पण एक गोष्ट सुटलीय. कॅनडातली शेवटची फाशी त्यांच्याच कारकिर्दीत झाली ना? आमच्या टोरांटोच्या डॉन जेलमध्ये, डिसेंबर १९६२. आर्थर लुकास आणि रोनाल्ड टर्पिन, दोघांना एकाच रात्री. जेलची जुनी इमारत अजून उभी आहे, आता इस्पितळाकडे आहे. मी तिथून जाते तेव्हा अंगावर काटा येतो. फाशीला विरोध असलेल्या पंतप्रधानाच्या सहीखाली हे व्हावं?

गव्हाळ_आकाश
मीनलताई, बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. तेव्हा फाशीची प्रत्येक शिक्षा मंत्रिमंडळासमोर यायची आणि दयेचा निर्णय तिथे व्हायचा. त्यांच्या काळात बहुतेक शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. १४ वर्षांच्या स्टीव्हन ट्रस्कॉटला १९५९ साली फाशी सुनावली होती, जानेवारी १९६० मध्ये याच मंत्रिमंडळाने ती रद्द करून जन्मठेप दिली. २००७ मध्ये ऑन्टारियोच्या अपील कोर्टाने ट्रस्कॉटला निर्दोष सोडलं. म्हणजे तेव्हा सही वेगळी झाली असती तर हा माणूस तो निकाल ऐकायला जिवंतच नसता. १९६१ मध्ये कायदा बदलून खुनाचे दोन वर्ग केले, फाशीचा आणि बिगरफाशीचा. पण फाशी रद्द करण्याएवढं पाऊल त्यांनी उचललं नाही, आणि लुकास-टर्पिनच्या वेळी हात आखडता घेतला. २०८ जागा असताना करता आलं असतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फौजदारी_साताऱ्याहून
मी सातारा जिल्हा न्यायालयात एकोणीस वर्षं आरोपीच्या बाजूने काम करते. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

पहिली गोष्ट. आरोपीला साक्षीला उभं करणं हा फार मोठा जुगार असतो. आपल्याकडे आरोपीचा जबाब फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम ३१३ खाली होतो, तो शपथेवर नसतो, त्याची उलट होत नाही. आरोपीने स्वतः साक्षीदार व्हायचं ठरवलं तर होता येतं, पण आम्ही ते क्वचितच करू देतो. खरं बोलणारा माणूससुद्धा उलटतपासणीत घाबरतो, तारखा चुकतो आणि खोटारडा वाटू लागतो. त्यातून भाषा परकी असेल तर विचारूच नका. माझ्याकडे एकदा ऊसतोडीला आलेला एक माणूस होता, त्याची बोली कोर्टात कोणालाच नीट कळेना. प्रत्येक उत्तराआधी तो माझ्याकडे बघायचा आणि समोरच्यांना वाटायचं, मी पढवलाय. तो सुटला, पण तो दिवस आठवला की अजून घशाला कोरड पडते. विसोखानच्या वकिलाला पुढे किती रात्री झोप लागली नसेल ते मी समजू शकते.

दुसरी गोष्ट, कर्नल पेप्लर. विरोधी वकिलाच्या तोंडून वाक्य निसटतं तेव्हा आपण लगेच बोलायचं की थांबायचं, हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. डीफेनबेकरांनी कायद्याचा मुद्दा खोडलाच नाही, कारण तो खोडता येण्याजोगा नव्हता. त्यांनी ते वाक्य फक्त ज्युरीच्या कानात पुन्हा वाजवलं. ज्युरी असेल तिथेच हे चालतं. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की टिळकांच्या खटल्यातले सात विरुद्ध दोन आठवतात, नाहीतर नानावटीचे आठ विरुद्ध एक. न्यायाधीशासमोर असं बोलले असते तर साहेबांनी ‘मुद्द्यावर या’ म्हणून फटकारलं असतं.

तुमच्या निष्कर्षाशी मात्र पूर्ण सहमत नाही. आम्हीही बाजू ठरवतो. कोणतं वकीलपत्र घ्यायचं, आरोपीला गुन्हा कबूल करायला सांगायचं की लढायचं, हे ठरवताना एका माणसाचं आयुष्य पणाला असतं. धरसोडपणा हा वकिलीचा दोष नव्हे, तो त्यांचा स्वभाव असणार.

लाईनक्लिअर_भुसावळ
मी मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. वकिलीतलं मला कळत नाही, पण ‘सेडरसाइड येथे’ हे शब्द वाचून हात थरथरला.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकेरी लाईनवर दोन गाड्या समोरून येणार असतील तर एकीला मधल्या स्टेशनात बाजूच्या लाईनवर घ्यावं लागतं. आपल्याकडे जुन्या पद्धतीत ड्रायव्हरला टोकन द्यायचो, लोखंडी गोळा. दोन स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली, एक गोळा बाहेर आला की दुसरा निघतच नाही. म्हणजे ऑपरेटरची चूक झाली तरी यंत्र आडवं येतं. गोळा हातात नाही तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

त्या डोंगरात तसं यंत्र नव्हतं असं दिसतं. तिथे सगळं कागदावर. कंट्रोलर तारेवर किंवा फोनवर हुकूम सांगतो, ऑपरेटर लिहून घेतो, परत वाचून दाखवतो, आणि तो कागद ड्रायव्हरला देतो. कागदावर लिहिलं असेल, की अमुक गाडीला सेडरसाइड येथे आणि तमुक गाडीला गॉस्नेल येथे क्रॉस करा, आणि त्यातून ‘सेडरसाइड येथे’ गळलं, तर वाक्य तरीही बरोबर लागतं! अमुक आणि तमुक, दोन्ही गाड्यांना गॉस्नेलला क्रॉस करा. ड्रायव्हरला शंका यायचं कारणच नाही. चूक दिसणारी असती तर कोणीतरी थांबवलं असतं. ही दिसणारीच नव्हती.

आम्ही संदेश देताना एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खातरजमेचा आकडा, द्यायचो आणि रजिस्टरात टिपायचो, तरी रात्री तीन वाजता पावसात फोनवर खरखर असली की मी तेच वाक्य तीन-तीनदा वदवून घ्यायचो. समोरचा वैतागायचा. शब्द ऑपरेटरकडून गळला की तारेत, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. ज्याचा हात कागदावर, तो सापडतो. त्या पोराच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं, बरं वाटलं.

गव्हाळ_आकाश
काका, वाक्य तरीही बरोबर लागतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वेळा वाचूनही नाही. मनापासून आभार.

वकीलताई, तुमचा आक्षेप मान्य. माझं वाक्य जरा सोपं झालं. पण असं बघा, खटल्यात तुम्ही ठरवलंत की निकाल दुसरं कोणीतरी देतं. सरकारात निकालही आपलाच आणि शिव्याही आपल्यालाच. ते ओझं त्यांना पेललं नाही असं म्हणतो.

मॅक_दोन
अ‍ॅरोचा उल्लेखसुद्धा नाही? मी विमान उद्योगात आहे, मिसिसागात राहतो. इथे डीफेनबेकर हे नाव जुन्या लोकांसमोर काढून बघा.

अ‍ॅव्रो अ‍ॅरो हे कॅनडाने स्वतः घडवलेलं लढाऊ विमान. ४ ऑक्टोबर १९५७ ला कारखान्यातून बाहेर आलं, नेमका त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला. मार्च १९५८ ला पहिलं उड्डाण. आणि २० फेब्रुवारी १९५९, शुक्रवार, डीफेनबेकरांनी संसदेत सांगितलं, की प्रकल्प बंद. एकट्या अ‍ॅव्रोत त्या दिवशी १४ हजारांच्या आसपास माणसांची नोकरी गेली. तयार विमानं कापून भंगारात काढली. इथले कितीतरी इंजिनियर अमेरिकेत नासाकडे गेले आणि चंद्रावर माणूस नेण्याच्या कामाला लागले. एका अ‍ॅथर्टनसाठी जीव तोडून लढणाऱ्या माणसाला ही चौदा हजार घरं दिसली नाहीत?

गव्हाळ_आकाश
मॅक_दोन, तुमचा राग मी समजू शकतो आणि तो रास्तही आहे. खर्च हाताबाहेर गेला होता, दुसरा कोणताही देश विमान घ्यायला तयार नव्हता, क्षेपणास्त्रांचं युग आलं होतं आणि सेनाप्रमुखांचंही मन वळलं होतं. आधीचं सरकार पुन्हा आलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं. पण ज्या रीतीने झालं ती रीत क्रूर होती. सकाळी भाषण आणि संध्याकाळी कारखाना रिकामा. ज्या माणसाला प्रिन्स जॉर्जच्या कोर्टात बारा माणसांचे चेहरे वाचता आले, त्याने या हजारो माणसांशी बोलायला कोणालाही पाठवलं नाही.

आणि पुढचा घोळ तर त्याहून मोठा. विमानाऐवजी अमेरिकेची बोमार्क क्षेपणास्त्रं घेतली, ती अण्वस्त्रांसाठी बनलेली, आणि मग अण्वस्त्रं घ्यायची की नाही यावर वर्षानुवर्षं निर्णयच नाही. क्यूबाच्या पेचाच्या वेळी केनेडींशी बिनसलं. फेब्रुवारी १९६३ मध्ये संरक्षणमंत्री डग्लस हार्कनेस यांनी राजीनामा दिला आणि दोनच दिवसांत सरकार कोसळलं. मी त्यांना अण्वस्त्रं न घेतल्याबद्दल दोष देत नाही. नको होती तर ‘नको’ म्हणायचं होतं.

नीलपर्ण
मी विनिपेगला शाळेत शिकवते. माझ्या वर्गात मूलनिवासी मुलं आहेत. १९६० च्या मताधिकाराचं कौतुक धाग्यात वाचलं, ते योग्यच आहे. त्याआधी मत हवं तर ‘इंडियन’ म्हणून असलेला दर्जा सोडावा लागे, म्हणजे आपल्या लोकांतून नाव काढून घ्यायचं. जेम्स ग्लॅडस्टोन यांना १९५८ मध्ये सिनेटवर नेमलं तेही डीफेनबेकरांनीच, आणि तेव्हा ग्लॅडस्टोन यांना स्वतःला लोकसभेसाठी मत देता येत नव्हतं. हे मी मुलांना सांगते तेव्हा वर्गात शांतता पसरते.

पण मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळा त्यांच्या सहा वर्षांत चालूच होत्या. मुलांना घरून नेत होते, भाषा बोलली म्हणून मारत होते. मताचा अधिकार दिला आणि पोरं परत दिली नाहीत. माझ्या शेजारच्या आजी अशा शाळेत होत्या. त्या या पंतप्रधानाबद्दल चांगलंही बोलत नाहीत, वाईटही नाही. म्हणतात, आमच्याकडे तेव्हा ओटावाहून कोणीच आलं नव्हतं.

वकीलताईंसाठी एक माहिती : १९२७ पासून १९५१ पर्यंत इथल्या कायद्याने मूलनिवासींना जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे गोळा करण्यावर बंदी होती.

फौजदारी_साताऱ्याहून
वकील लावायलाच बंदी? हे वाचून सुन्न झाले. म्हणजे वाकॉच्या त्या कार्यालयाची पाटी दिसत असताना जवळच्या मूलनिवासी माणसाला आपल्या जमिनीसाठी त्या दारात शिरायचीच सोय नव्हती.

गव्हाळ_आकाश
नीलपर्ण, तुमचा मुद्दा मान्य आहे, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. एवढंच जोडतो, की हक्कांची सनद तोकडी होती. साधा कायदा, तोही फक्त केंद्रापुरता, प्रांतांना लागू नाही. तरी पुढे ड्रायबोन्स नावाच्या मूलनिवासी माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे ‘इंडियन अ‍ॅक्ट’मधलं एक कलम निष्प्रभ ठरवलं. घटनेत बसलेली सनद १९८२ मध्ये आली, तेव्हा डीफेनबेकर हयात नव्हते.

तुर्भेकर
मी ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात नोकरी केली. कॅनडाच्या मदतीने उभारलेली सायरस अणुभट्टी १० जुलै १९६० ला पहिल्यांदा चालू झाली. करार आधीच्या सरकारचा, १९५६ चा, पण बांधकामाची बरीच वर्षं डीफेनबेकरांच्या काळातली. १९५८ च्या जगप्रवासात ते भारतातही येऊन गेले होते. आमच्या साहेबांकडून कॅनेडियन इंजिनियरांच्या गोष्टी ऐकल्यात, मुंबईच्या उकाड्यात अर्ध्या चड्डीत काम करणारी उंच गोरी माणसं. १९७४ च्या अणुचाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य तोडलं, तो वेगळा विषय.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो १९६१ साठी. दक्षिण आफ्रिकेने प्रजासत्ताक व्हायचं ठरवलं, तेव्हा राष्ट्रकुलात राहायला नव्याने संमती हवी होती. मार्चमध्ये लंडनला बैठक. नेहरू आणि आफ्रिका-आशियातले नेते वर्णभेदाविरुद्ध एका बाजूला, आणि गोऱ्या देशांच्या पंतप्रधानांपैकी त्यांच्या बाजूने बोलले ते एकटे डीफेनबेकर. शेवटी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फेरवूर्ट यांनी अर्जच मागे घेतला.

गव्हाळ_आकाश
तुर्भेकरसाहेब, सायरसचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. लंडनच्या बैठकीनंतर त्यांनी म्हटलं होतं, की दक्षिण आफ्रिकेसाठी राष्ट्रकुलाच्या खिडकीत दिवा तेवत राहील. बाहेर काढलेल्याच्या वाटेवर दिवा ठेवणं मला त्यांच्या स्वभावाला धरून वाटतं. मात्र तिथेही ते शेवटच्या घटकेपर्यंत घुटमळत होते, हेही नोंदवतो.

मीनल_टोरांटो
त्यांच्या अंत्ययात्रेबद्दल ऐकलंय, रेल्वेने नेलं होतं ना?

गव्हाळ_आकाश
हो. १६ ऑगस्ट १९७९ ला ओटावातल्या घरी गेले, तेव्हाही खासदार होते, तीनच महिन्यांपूर्वी निवडून आलेले. सगळी व्यवस्था स्वतःच ठरवून ठेवली होती. शवपेटी रेल्वेने ओटावाहून सास्काटूनला आणली, वाटेत स्टेशनांवर लोक उभे होते. पेटीवर दोन झेंडे : नवा मेपलच्या पानाचा, ज्याला त्यांनी १९६४ मध्ये जिवाच्या आकांताने विरोध केला होता, आणि जुना लाल. लाल झेंड्याचा काठ पानाच्या झेंड्यावर येईल असे शिवले होते. ऑलिव्हबाई १९७६ मध्ये गेल्या होत्या, त्यांचे अवशेष इथे आणून शेजारी ठेवले.

लाईनक्लिअर_भुसावळ
रेल्वेनेच गेले म्हणायचे. आकाशराव, एक विचारायचं होतं. वाकॉचं ते वकिलीचं ऑफिस अजून बघायला मिळतं का? आणि कनू रिव्हरला त्या पोरांची काही खूण आहे का?

गव्हाळ_आकाश
काका, वाकॉमध्ये त्या ऑफिसची प्रतिकृती उभारली आहे, इथून गाडीने तासाभरावर. मी एकदाच गेलो होतो, तेव्हा बंद होतं. लाकडी भिंती, खुराड्याएवढी खोली, खिडकीला नाक लावून आत पाहिलं. अपघाताच्या जागेजवळ सैनिकांचं स्मारक आहे, पण ते रॉकीजच्या पलीकडे, इथून दोन दिवसांचा रस्ता. बर्फ वितळला की मेमध्ये आधी वाकॉला जाईन आणि फोटो इथेच टाकीन. स्मारकापर्यंत कधी पोचलो तर तुमच्या नावाने तिथे थांबेन.